परसांतला लसूण

लसणावर लेख लिहून तो या मासिकाकडे पाठवावा कीं नाहीं, या विचारांत माझे आठ दिवस गेले. ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत फोडणीला हिंग पडतो, लसूण नव्हे. आणि जेथें लसूण पडतो तेथेंहि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत त्याचें नांव कोणी काढीत नाहीं. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी करून, भजीं, थालिपीठें आणि भरलीं वांगीं यांवर ताव मारून चार महिन्यांची बेगमी करणारीं घरें अजून आहेत, आमचेंहि त्यांतलेंच. तेव्हां वाचकांनीं रागावूं नये. मी लसूण खाण्याविषयीं लिहीत नसून लावण्याविषयीं लिहीत आहें. आणि गंमत अशी कीं, लसूण लावण्याचा काळ नेमका तो न खाण्याच्या काळांतच येतो.

या योगायोगांत मला पूर्वीं कांहीं विशेष वाटत नसे. परंतु लसणाचा स्वभाव थोडा कळूं लागल्यावर वाटूं लागलें कीं, हा नेम ज्यांनीं घातला त्यांच्या मनांत कांहींहि असो, लसणाच्या दृष्टीनें तो मोठा सोयीचा आहे. फाल्गुनांत जमिनींतून निघालेला गड्डा लगेच पुन्हां लावला तर उगवत नाहीं. त्याला कांहीं महिन्यांची झोप लागते. ती पावसाळाभर चालते, आणि भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पाकळीच्या पोटांत हिरवा कोंब हलूं लागतो. याच चार महिन्यांत घरांतल्या बायकांचा हात लसणाच्या जुडीकडे जात नसे आणि बेणें आपोआप राखलें जाई. शास्त्रकारांनीं हाच हेतु धरला होता असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणारांची हल्लीं वाण नाहीं आणि त्यांत भर घालण्याची माझी इच्छा नाहीं. पण नेम मोडल्यानें काय होतें तें मात्र मीं स्वतः अनुभवलें, आणि तीच हकीकत पुढें यावयाची आहे.

आमचें घर वाईस, कृष्णेपासून हांकेच्या अंतरावर. घर जुनें, माणसें चौदा, आणि मागें परस. परसांत विहीर, विहिरीशेजारीं नारळ, एक कढीलिंब, सांडपाण्यावर पोसलेलें अळूं, आणि उत्तरेच्या भिंतीलगत, जेथें थंडींत दिवसभर ऊन असतें, तेथें दहा फूट लांब व तीन फूट रुंद असा एक वाफा. त्याला घरांत 'आत्याबाईंचा वाफा' म्हणतात. उन्हाळ्यांत तो मोकळा असतो, पावसाळ्यांत त्यांत चवळी किंवा ताग असतो, आणि कोजागिरी झाली कीं त्यांत लसणाखेरीज दुसरें कांहीं लावण्याची कोणाची छाती होत नाहीं.

आत्याबाई म्हणजे आमच्या मामंजींच्या धाकट्या भगिनी. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांचें सासर जुन्नर तालुक्यांत ओतुरास. सासरे वैद्यकी करीत. १९५८ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, आत्याबाईंस वैधव्य आलें. दोन वर्षांनीं सासरे वारले, आणि मामंजींनीं जाऊन बहिणीला माहेरीं आणलें. येतांना त्यांनीं तीनच वस्तू बरोबर घेतल्या: एक पत्र्याची ट्रंक, सासऱ्यांचा दगडी खल आणि लसणाच्या दोन जुड्या. वैद्यांच्या घरीं लसूण हें औषध होतें, अन्न नव्हतें. दुधांत शिजवून त्याचा क्षीरपाक करीत आणि वातानें आंखडलेल्या माणसांना देत. आत्याबाईंनीं लसूण सोलला, ठेचला, शिजविला, दुसऱ्यांच्या मुखीं घातला. स्वतःच्या जिभेवर त्याचा कण कधीं ठेवला नाहीं. त्या दोन जुड्या मात्र त्यांनीं त्याच वर्षीं परसांत लावल्या, आणि पुढें चौसष्ट वर्षें एकहि आश्विन चुकविला नाहीं. निघालेला लसूण घरांतल्या खाणारांना, कामाला येणाऱ्या बायांना, शेजारच्या बाळंतिणींना जाई. निवडक गड्डे तेवढे न्हाणीघरांत बंबाच्या वर, आढ्याला टांगून ठेवलेले असत. तेथल्या धुरानें आणि उबेनें लसणाला पावसाळ्याची ओल बाधत नाहीं. बंबाच्या जागीं विजेची बाटली येऊन वर्षें झालीं, तरी आठवड्यांतून दोनदां बंब पेटतो तो केवळ या लसणासाठीं.

जो पदार्थ आपण खात नाहीं तो आयुष्यभर लावीत राहावयाचा, हें कोणास विचित्र वाटेल. परंतु आपल्या ग्रंथांची गत तीच आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण, कांदा आणि अळंबीं द्विजांना अभक्ष्य ठरविलीं आहेत. उलट वाग्भटानें अष्टांगहृदयांत लसणाला रसायनांत स्थान दिलें, आणि काश्यपसंहितेंत लशुनकल्प म्हणून एक स्वतंत्र अध्यायच आहे. वाग्भट सांगतो, अमृत चोरणाऱ्या राहूचा गळा विष्णूनें छेदला तेव्हां जे थेंब भुईवर पडले त्यांपासून लसूण झाला. अंगीं अमृताचा गुण, जन्म मात्र दैत्याच्या देहाचा. म्हणून औषध खरें, पण द्विजांनीं खावयाचें नाहीं, अशी ही तडजोड. १८९० सालीं मध्य आशियांतील कुचा येथें हॅमिल्टन बॉवर नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास भूर्जपत्रांवर लिहिलेली एक संस्कृत पोथी मिळाली. ती सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींची आहे आणि तिच्या आरंभींच लसणाची स्तुति आहे. दारांवर लसणाच्या माळा बांधून उत्सव करावा असें तींत सांगितलें आहे, आणि ब्राह्मणासाठीं एक युक्तीहि दिली आहे: गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावें, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असा चारा घालावा, आणि तिचें दूध, दहीं, तूप ब्राह्मणानें घ्यावें, रोगहि जातो आणि आचारहि राहतो. हें मीं आत्याबाईंस वाचून दाखविलें तेव्हां त्या पोटभर हंसल्या. "त्या मुक्या जनावराचे हाल करण्यापेक्षां सरळ खावा कीं मग!" म्हणाल्या.

आतां माझी चूक सांगतें. २०२४ च्या आश्विनांत बाजारांत लसणाचा भाव किलोस चारशें रुपयांच्या घरांत गेला होता. माझा धाकटा मुलगा बंगळूरला नोकरीवर परत निघाला. त्यानें जातांना लसणाची कोरडी चटणी मागितली. तो कांहीं चातुर्मास पाळीत नाहीं. एवढा महाग लसूण विकत कशाला आणावयाचा, घरांत जुड्या टांगलेल्या आहेत, असें म्हणून मीं न्हाणीघरांतल्या दोन जुड्या उतरविल्या, सोलल्या आणि सुक्या खोबऱ्याबरोबर वाटून मोकळी झालें. त्या बेण्याच्या होत्या हें मला ठाऊक नव्हतें असें म्हटलें तर तें खोटें होईल. ठाऊक होतें, पण चार गड्डे कमी झाले तर काय बिघडलें, असें वाटलें, आणि चारांचे चाळीस कधीं झाले तें कळलें नाहीं.

चार दिवसांनीं आत्याबाईंनीं जुड्या मागितल्या. उरलेली जुडी मीं त्यांच्या हातीं दिली. त्यांना आतां नीट दिसत नाहीं. त्यांनीं बोटांनीं चांचपून गड्डे मोजले आणि "सात" एवढेंच म्हणाल्या. नंतर त्या उठून देवघरांत गेल्या. मला कोणी रागें भरलें असतें तर बरें वाटलें असतें.

त्या 'सात'चा अर्थ मला नंतर उमगला. गहूं संपला तर तेंच वाण दुसऱ्याकडून आणतां येतें, कारण गव्हाचें बीं गांवोगांव पसरलेलें असतें. लसणाचें तसें नाहीं. आपल्याकडील लसणाला बीं धरत नाहीं. बीं देणारीं लसणाचीं झाडें शास्त्रज्ञांना १९८० नंतरच्या दशकांत मध्य आशियांत सांपडलीं, म्हणजे जेथून हें झाड जगभर गेलें असें मानतात त्याच मुलखांत. एरव्हीं हजारों वर्षें माणूस पाकळी लावून लसूण वाढवीत आला आहे. पाकळी म्हणजे बीज नव्हे, त्याच झाडाचा तुकडा. तेव्हां आमच्या वाफ्यांत जो लसूण उगवतो तो ओतूरच्या वैद्यांनीं लावलेल्या लसणाचा मुलगा किंवा नातू नसून तोच आहे. तोच देह दर वर्षीं वांटला जातो आणि दर वर्षीं पुन्हां भरून येतो. एका आश्विनांत खंड पडला कीं तो कायमचा गेला. ओतुरास त्यांच्या दिराच्या घरीं तो केव्हांच संपला होता, हें आम्हांस ठाऊक होतें.

सात गड्ड्यांच्या लावण्याजोग्या ऐंशी पाकळ्या निघाल्या. वाफ्यांत माझ्या हिशेबानें एकशेंऐंशी बसतात. उरलेली जागा रिकामी ठेवणें मला लाजिरवाणें वाटलें, म्हणून बाजारांतला सर्वांत सुरेख लसूण शोधून आणला: पांढराशुभ्र, टपोरा, एकेक पाकळी अंगठ्याएवढी. हिमाचलाकडचा आहे असें दुकानदार म्हणाला. आत्याबाईंनीं ती पाकळी हातांत फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "पाहुणा दिसतो. लाव, पण वेगळा लाव." त्याप्रमाणें एका टोंकास आमच्या ऐंशी आणि दुसऱ्या टोंकास पाहुण्याच्या शंभर, मध्यें एक फळी, अशी लावणी झाली.

लावणीची रीत आत्याबाईंचीच सांगतें. सर्वपित्री झाली कीं वाफा खणून तापत ठेवावयाचा. आमच्या नदीकांठच्या काळ्या मातींत पाणी धरून राहतें आणि लसणाला तें बिलकूल सोसत नाहीं. म्हणून वाफा वीतभर उंच करावयाचा, तींत थोडी वाळू, तीन घमेलीं चांगलें कुजलेलें शेणखत आणि बंबांतली ओंजळ-दोन ओंजळ राख मिसळावयाची. ताजें शेण चुकूनहि नको. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर वाट पाहावी. भिजलेल्या मातींत पाकळी कुजते. पण वाट पाहतां पाहतां मार्गशीर्ष उजाडूं देऊं नये. कारण लसूण आधीं पानें काढतो आणि मग गड्डा भरतो, आणि गड्डा भरण्याची वेळ आली कीं झाड लहान आहे कीं मोठें हें तो पाहत नाहीं. प्रत्येक पानाचें बूड खालीं गड्ड्याभोंवतीं लपेटलेलें असतें. तेंच पुढें वाळून कागदासारखें साल होतें. उशीरा लावलेल्या झाडाला पानें थोडीं, म्हणून गड्डा सुपारीएवढा.

गड्डे लावण्याच्या दिवशींच फोडावे, आधीं फोडून ठेवूं नयेत. बाहेरच्या भरदार पाकळ्या घ्याव्या, आंतल्या बारीक चिपट्या स्वयंपाकघराकडे पाठवाव्या, म्हणजे अर्थात् कार्तिकी एकादशीनंतर. पाकळीचें साल सोलूं नये आणि बुडाची चकती दुखावूं नये; मुळें तेथूनच फुटतात. ओळींत सहा इंच आणि पाकळ्यांत चार इंच अंतर ठेवून, बोटाचीं दोन पेरें खोल, शेंडा वर करून पाकळी बसवावी. उलटी लागली तरी ती उगवते, पण कोंब वळसा घेऊन वर येतो आणि गड्डा वांकडा निघतो. आमच्याकडे हें काम मुलांकडे असतें, आणि फाल्गुनांत वांकडा गड्डा निघाला कीं तो कोणाच्या ओळींतला यावरून भांडण होतें. वर ऊंसाचें पाचट किंवा वाळलेला पाला अंथरावा. पहिलें पाणी लगेच, दुसरें तीन-चार दिवसांनीं, नंतर आठ-दहा दिवसांच्या अंतरानें. लसणाचीं मुळें वरच्या वर असतात. खुरप्यानें खोल जाऊं नये, तण हातानेंच उपटावें. वाफ्याच्या कडेनें मेथी टाकली तर ती लसूण मोठा होईपर्यंत निघूनहि जाते.

पुण्या-मुंबईंत ज्यांना परस उरलें नाहीं त्यांनीं वीतभर खोलीचें, बुडाला भोंकें असलेलें लांकडी खोकें गच्चींत ठेवावें. दिवसांतून सहा तास ऊन लागलें तर गड्डाहि मिळेल. तितकें नसलें तर पात तरी नक्की मिळेल, आणि ओल्या पातीचें थालिपीठ ज्यानें खाल्लें आहे त्याला गड्ड्याची फारशी हळहळ वाटणार नाहीं. एक सांगावयाचें राहिलें: शीतकपाटांत ठेवलेला लसूण बेण्यास घेऊं नये. गारठ्यानें तो भलत्या वेळीं जागा होतो आणि त्याचा सगळा क्रम बिघडतो.

त्या वर्षीं दिवाळीनंतर थंडी चांगली पडली. दोन्हीं टोंकांचा लसूण उगवला, आणि पौषांत पाहुण्याचा थाट असा होता कीं येणारा-जाणारा तिकडेच बोट दाखवी. पानें रुंद, हिरवीगार, कमरेशीं येतील कीं काय अशीं वाढलीं होतीं. आमचा आपला बारीक पात्यांचा, जेमतेम गुडघ्याएवढा. मीं मनांत म्हटलें, जुन्या बेण्याचा अभिमान बाळगावयाचा तो कोठवर? माघांत ढग आले, पानांवर फुलकिड्यांच्या ओरखड्यांनीं पांढरट चट्टे पडले. निंबोळीचा अर्क दोनदां शिंपडला तेव्हां तें थांबलें. पुढें आमच्या लसणाचीं खालचीं पानें पिवळीं पडूं लागलीं, तेव्हां आत्याबाईंनीं पाणी तोडावयास सांगितलें. पाहुणा हिरवाच होता.

होळीच्या आदल्या आठवड्यांत आम्हीं वाफा काढला. खालचीं पानें वाळलेलीं आणि वरचीं चार-पांच हिरवीं, ही काढणीची खूण. सगळीं वाळेपर्यंत थांबलें तर सालें कुजतात आणि पाकळ्या जमिनींतच सुटतात. आमच्या ऐंशींतून चौऱ्याहत्तर गड्डे निघाले. लहान, किंचित् जांभळट, घट्ट. पाहुण्याच्या शंभर झाडांखालीं काय निघालें म्हणाल तर जाड मानेचीं बुडें! चार-दोन ठिकाणीं पाकळ्या पडल्यासारख्या दिसल्या, बाकी कांद्याच्या पातीला फुगवटा यावा तसें. घरांत हंशा पिकला. मीं मात्र तें प्रकरण तेवढ्यावर सोडलें नाहीं आणि कारण शोधून काढलें.

कारण असें कीं, लसूण थंडी मोजतो तसा दिवसहि मोजतो. थंडीचे कांहीं आठवडे मिळाल्यावर, दिवस विशिष्ट लांबीचा झाला म्हणजे त्याला गड्डा भरण्याची बुद्धि होते. आपल्या पठारावरच्या जातींना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो, आणि तो आपल्याकडे थंडीच्या अखेरीस असतो. हिमालयाच्या उतारावरच्या जाती त्याहून लांब दिवसाची वाट पाहतात. तिकडे ज्येष्ठांत दिवस सुमारें चौदा तासांचा होतो. आपल्या वाईस तो वर्षांतल्या सर्वांत मोठ्या दिवशींहि सव्वातेरा तासांपलीकडे जात नाहीं, आणि तोंवर उन्हाळा येऊन गेलेला असतो. पाहुणा बिचारा आपल्या घरचा दिवस उगवण्याची वाट पाहत हिरवा उभा राहिला, यांत त्याचा काय दोष? बाजारांतला टपोरा लसूण खाण्यास उत्तम असेल. लावण्यासाठीं आपल्या हवेंतला घ्यावा. ज्यांच्याकडे जुनें बेणें नाहीं त्यांनीं राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती पाहाव्या. त्या आपल्याच दिवसमानावर निवडलेल्या आहेत.

काढलेला लसूण धुवावयाचा नाहीं. माती झटकून, पानांसकट वीस-पंचवीसांच्या जुड्या बांधून, सावलींत व वाऱ्यावर दोन-तीन आठवडे टांगावा. पानांतला रस हळूहळू गड्ड्यांत उतरतो असें आत्याबाई म्हणतात; मान पुरती वाळली म्हणजे तो टिकतो, एवढें तर प्रत्यक्ष दिसतें. पाकळ्या सोलून तेलांत बुडवून बरणी बाहेर ठेवण्याची जी नवी टूम निघाली आहे ती मात्र घातक आहे. हवा न लागणाऱ्या तेलाखालीं जें विष तयार होण्याचा धोका असतो त्याला ना रंग ना वास. तसें करावयाचेंच तर थोडें करून शीतकपाटांत ठेवावें आणि आठवड्याच्या आंत संपवावें.

औषधाविषयीं आत्याबाईंचा एक नेम मला फार दिवस कोडें वाटे. त्या लसूण खलांत ठेचून थोडा वेळ तसाच ठेवीत आणि मग दुधांत घालीत. अख्ख्या पाकळीला वास नसतो; ठेचतांच तो उसळतो, कारण पाकळीच्या पेशींत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलीं दोन द्रव्यें तेव्हांच एकत्र येतात आणि त्यांतून तिसरें उत्पन्न होतें. तें तिसरें द्रव्य, ॲलिसिन, १९४४ सालीं अमेरिकेंत कॅव्हॅलिटो आणि बेली या रसायनशास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें व तें जंतूंना मारक असल्याचें दाखविलें. ठेचून लगेच आंचेवर घातलें तर तें पुरतें तयार होण्यापूर्वींच क्रिया थांबते. ओतूरच्या वैद्यांना ॲलिसिन ठाऊक नव्हतें. थांबावयाचें असतें हें ठाऊक होतें. पण येथें वाचकांनीं उत्साह आवरावा. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें ज्यांना चालू आहेत, किंवा ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनीं कच्च्या लसणाचे प्रयोग वैद्याला न विचारतां करूं नयेत. आमच्याच घरांत थोरल्या भावजींना अशा एका प्रयोगानंतर हिरड्यांतून रक्त येऊं लागलें होतें आणि डॉक्टरांनीं आम्हां सर्वांची चांगलीच कानउघाडणी केली होती.

त्या चौऱ्याहत्तर गड्ड्यांची वांटणी आत्याबाईंनीं ओसरीवर बसून स्वतः केली. प्रत्येक गड्डा हातांत घेत, अंगठ्यानें बूड दाबून पाहत, आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवीत. तीस बेण्याला निघाले. चोवीस खाणारांना. राहिलेले वीस त्यांनीं एका जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधले आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, हे ओतुरास पोंचते कर." मीं विचारलें, तेथें कोणाकडे? तर म्हणाल्या, "भाऊजींच्या नातवाकडे. तो शेती करतो म्हणे. आपल्याकडे काय, उद्यां कोणाला पुन्हां चटणी लागायची. दोन ठिकाणीं असलेला बरा."

चटणीचा उल्लेख त्यांनीं तेवढा एकदांच केला.

२०२५ च्या उन्हाळ्यांत आमचे हे आणि मी एस्. टी.नें ओतुरास जाऊन तें गांठोडें देऊन आलों. तो मुलगा तिशींतला, शहाणा. त्याच्या घरीं टोमॅटो आणि कांदा मोठ्या प्रमाणावर होतो. वीस गड्ड्यांचें त्याला हंसूं आलें असेल, पण त्यानें तें दाखविलें नाहीं. पणजोबांचा लसूण म्हटल्यावर त्याच्या आईनें तो कपाळाला लावून घेतला आणि माळ्यावर टांगला. यंदा आमचा वाफा कोजागिरीनंतर दहा दिवसांनीं लागला. तीस गड्ड्यांतून निवडून घेतलेल्या एकशेंऐंशी पाकळ्या, फळी नाहीं, पाहुणा नाहीं. न्हाणीघराच्या दाराला मीं कडी बसवून घेतली आहे.

दिवाळींत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं ओतूरहून दूरध्वनि आला. लसूण लावला होता, सगळा उगवला होता, बोटभर वर आला होता. मीं तो निरोप आत्याबाईंच्या कानाशीं मोठ्यानें सांगितला. त्या माळ ओढीत होत्या. क्षणभर बोटें थांबलीं.

"बरें झालें," त्या म्हणाल्या. "पण कांद्यासारखें पाणी सोडूं नको म्हणावें त्याला. तिथली माती धरून ठेवते."

आणि माळ पुन्हां सुरू झाली.